बादली कोणाच्या हातची

दि. ३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की तुम्ही फोन मध्येच ठेवलात. ठेवला नसतात तरी मी पत्रच लिहिलं असतं, कारण जे विचारायचं आहे त्याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

तुमचं 'जिना' हे तैलचित्र संग्रहालयाने सव्वीस वर्षांपूर्वी घेतलं आणि तेव्हापासून ते इथे तळघरात उभं आहे. ते एप्रिलमध्ये उघडणाऱ्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं आहे. प्रदर्शन आजच्या कलेचं आहे. एकूण अकरा दालनं. दहांमध्ये पडदे, आवाज, दिवे, एका ठिकाणी मिठाचा ढीग. अकराव्या दालनात एक भिंत चित्रांसाठी ठेवली आहे. तिच्यावर तीन चित्रं लागतील, मधलं तुमचं. या निवडीशी माझा संबंध नाही. मी चित्रं तपासते, निवडत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे आभार मानायचा किंवा दोष द्यायचा प्रश्न येणार नाही.

तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे. कॅनव्हास ठीक आहे. वार्निश पिवळं पडलं आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यात रंग दोन ठिकाणी सुटत होता, तो मी बसवला. एक गोष्ट उरते. खालच्या डाव्या कोपऱ्यातली बादली आणि तिच्याभोवतीच्या ओल्या फरश्या. बाकी सगळ्या चित्रात कुंचल्याची रेघ उजवीकडून डावीकडे खाली उतरते, म्हणजे ती उजव्या हाताची आहे. बादलीच्या भागात ती बरोबर उलटी आहे. एक्स-रेमध्ये त्या बादलीखाली आणखी तीन बादल्या दिसतात, तिन्ही खरवडून काढलेल्या, तिन्ही उजव्या हाताच्या. वर दिसते ती चौथी मात्र तशी नाही. तिचा रंग शेजारच्या ओल्या रंगात मिसळला आहे, म्हणजे काम त्याच वेळचं, मागाहून कोणी केलेलं नाही. म्हणून अहवालात मी लिहिलं आहे: 'हा भाग दुसऱ्या हाताचा.'

हा दुसरा हात कोणाचा, ते कळवावं.

घरी सगळे, म्हणजे तुम्ही एकटे, ठीक असाल. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

तुमची भाची


दि. ९ फेब्रुवारी

चि. टाचणी हिस,
आशीर्वाद. अनेक लिहिणार होतो, एकच पुरे.

लहानपणी तुला टाचणी म्हणायचो ते गमतीने. आता वाटतं, नाव अगदी विचारपूर्वक ठेवलं होतं.

तुझा अहवाल वाचला. चार पानांत 'चित्र' हा शब्द सहा वेळा आणि 'पृष्ठभाग' एकतीस वेळा. मोजले, कारण तुला मोजलेलंच कळतं. माणूस समोर बसलाय, बोलतोय, आणि डॉक्टर त्याच्या नखांवर प्रबंध लिहितोय, तशातली गत. ज्यांना काढता येत नाही ते तपासतात, हे मी वर्गात मुलांना सांगायचो तेव्हा ती हसायची. घरातच उदाहरण तयार होतंय हे मला ठाऊक नव्हतं.

तुमच्या त्या इमारतीत मी मागे एकदा येऊन गेलो. एका खोलीत टेबलफॅन फिरत होता आणि त्याच्यासमोर पाच माणसं हाताची घडी घालून उभी होती. टेबलफॅन माझ्या खोलीतही फिरतो, त्याच्यावर फक्त धूळ बसते. पुढच्या खोल्यांत काळोख. ते एक बरं केलंत, कोण कोणाला हसतंय ते दिसत नाही. तुमच्या क्युरेटरबाईंचंही पत्र आलं. म्हणतात, आजच्या कलेत चित्राचं स्थान त्यांना 'नव्याने तपासायचं' आहे. वा. घरमालकाला पायपुसण्यावर उभं करायचं आणि म्हणायचं, थांबा, तुमच्या जागेचा विचार चालू आहे.

आणि बादली. चौतीस वर्षांपूर्वी चित्र पूर्ण झालं तेव्हापासून मी हेच ऐकतोय. अरे, तो कठडा बघा. अकरा पायऱ्या उतरून येणारा उजेड बघा, त्याच्यासाठी मी दोन हिवाळे त्या जिन्यात उभा राहिलो. नाही. येणारं प्रत्येक गाढव बादलीपाशीच जाऊन थांबतं, जसं काही तहानलंय.

अहवाल परत पाठवतो आहे. शेरा मारला आहे.

कळावे. लोभ होता.

मामा


दि. १४ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

अहवाल मिळाला. पहिल्या पानावर कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'पुन्हा' असं लिहिलं आहे. पेन्सिल अजून तीच वापरता असं दिसतं.

ही पेन्सिल माझ्या ओळखीची आहे. मी आठ वर्षांची होते. दर रविवारी आई मला तुमच्याकडे चित्रकला शिकायला पाठवायची. मी पेन्सिल डाव्या हातात धरायची आणि तुम्ही लाकडी पट्टी बोटांच्या सांध्यांवर मारून ती उजव्या हातात द्यायला लावायचात. दहा महिने. एकेचाळीस कागद, आणि प्रत्येक कागदावर 'पुन्हा'. कागद मी ठेवले आहेत. बेचाळिसावा काढला नाही. आज मी स्केलपेल डाव्या हातात धरते, कापसाचा बोळाही डाव्याच. ज्या हातावर पट्टी बसली त्याच हाताने मी तुमचा सुटलेला रंग बसवला. तो आता सुटणार नाही.

पायपुसण्याबद्दल. चित्राला घराबाहेर कोणी काढलं नाही. तुम्ही आणि तुमचे मित्र वीस वर्षं एकमेकांचेच कठडे बघत आणि वाहवा करत बसलात. तेवढ्यात बाहेरच्यांनी दुसरीकडे बघायला सुरुवात केली. यात पंख्याचा दोष नाही. मला त्या पडद्यांचं प्रेम आहे असंही समजू नका. त्या खोल्यांत माझं काम म्हणजे प्लग नीट बसलाय का ते बघणं. बटण बंद केलं की भिंत उरते. चित्रावर मात्र तिरपा दिवा धरला की इथे माणूस उभा होता हे कळतं. कुठे घाई केली, कुठे दमला, कुठे स्वतःलाच फसवून पुढे गेला, सगळं. मला विचाराल तर आजच्या कलेत चित्राची जागा एवढीच आहे, आणि ती लहान नाही. अट एकच, तो माणूस खरा हवा.

तुम्ही प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत, म्हणून मला माहीत आहे ते सांगते. चौतीस वर्षांपूर्वी त्या घरात तिघं राहत होती. आजोबा, तुम्ही आणि लग्नाआधीची माझी आई. आजोबांनी कुंचला कधी हातात धरला नाही. आई डावरी आहे. तुमच्या तीन बादल्या फसल्या. चौथी दुसऱ्या कोणी काढली आणि चित्रातली सगळ्यात चांगली जागा ठरली. खाली सही एकाचीच आहे.

क्युरेटरबाईंनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं की चित्रकाराची बहीण डावरी आहे. हे अहवालात नाही, तोंडी बोलले. त्या खुर्चीतून उठल्याच. आता बाकीची दोन चित्रं रद्द झाली आहेत आणि अकरावं दालन अख्खं 'जिना'साठी आहे. शेजारी मोठ्या पडद्यावर एक्स-रे आणि त्याखाली मजकूर: 'भावाच्या चित्रात लपलेली बहीण.' आईशी मी अजून बोललेले नाही. आधी बोलायची संधी तुम्हाला देते आहे.

लोभ मागत नाही, उत्तर मागते.

तुमची भाची


दि. २० फेब्रुवारी

चि. टाचणी हिस,
आशीर्वाद.

लावा. बादली तुझ्या आईची. झालं समाधान?

अख्खं दालन मिळतंय म्हणतेस तर मिळू दे. शेजारी पडदा लटकवा, नाहीतर तुमचा तो मिठाचा ढीग आणून ओता. जिना सव्वीस वर्षं काळोखात उभा आहे. तो एकदा उजेडात यावा, एवढंच माझं म्हणणं. लोक बहिणीला बघायला येतील आणि त्यातल्या एखाद्याची नजर चुकून कठड्यावर जाईल. आजकाल चित्र चुकूनच बघितलं जातं.

तुझ्या आईला काही विचारत बसू नकोस. ती विसरभोळी आहे, तिला काही आठवायचं नाही.

पुढे पत्र नको.

मामा


दि. २ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक कान धरून.

काल तुमच्या क्युरेटरबाईंचं जाड पाकीट आलं. आत छापील कागद, त्यावर माझं तरुणपणीचं वर्णन. मी म्हणे दडपलेली प्रतिभा. मी तो कागद दोनदा वाचला आणि शेजारणीला वाचून दाखवला. तिला हसता हसता खोकला लागला. अगं, मला साधी उशी सरळ काढता येत नाही. तू चार वर्षांची असताना मी तुला मांजर काढून दिलं होतं, तेव्हा तू विचारलं होतंस की ही किटली कोणाची. आयुष्यभर मी टायपिंग केलं, दोन्ही हातांनी, आणि त्यात मात्र माझा हात धरणारं कोणी नव्हतं. दडपायचंच असेल तर ते दडपा.

दादाला फोन केला तर तो म्हणाला की तू म्हणालीस आणि त्याने मान्य केलं, मी आता गप्प बसावं. म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून मला न विचारता चित्रकार करून टाकलंत. मामा-भाचीचं तीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं, तर ते हे.

आता नीट वाच. डावरे आम्ही दोघंही होतो. मी आणि दादा. मी मुलगी, माझ्या हाताकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दुर्लक्षाचाही कधी फायदा होतो. दादा मुलगा. बाबा अभ्यासाच्या वेळी त्याचा डावा हात रुमालाने खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवायचे. दोन वर्षं. पहिल्यांदा रडायचा, मग नाही. उजव्या हाताने त्याने सगळं शिकून घेतलं आणि इतकं चोख शिकला की तो डावरा होता हे तोसुद्धा विसरला, असं आम्हाला वाटायचं.

त्या वर्षी जिना पूर्ण होत आला आणि बादलीपाशी अडला. तीन आठवडे खरवडणं चालू होतं. एका दुपारी मी चहा घेऊन वर गेले तर याने कुंचला डाव्या हातात धरलेला. हात नुसता चालला होता, वाक्य न तोडता एखादा माणूस बोलतो तसा. मला बघून दचकला, चोरी पकडल्यासारखा. एकतीस वर्षांचा बाप्या मला म्हणाला की बाबांना सांगू नकोस. मी नाही सांगितलं. बाबा गेले तरी नाही सांगितलं. त्याने पुन्हा त्या हातात कुंचला घेतलेला मी तरी पाहिला नाही.

तुझ्या त्या पट्टीचं मला ठाऊक होतं. तुझी बोटं मी रविवारी संध्याकाळी बघायची. मी तेव्हा त्याला विचारलं नाही, ही माझी चूक, आणि तिच्यावर पांघरूण घालायला मी हे लिहीत नाही. त्याने तसं का केलं ते त्यालाच विचार. मला ते सांगता येणार नाही आणि मी सांगूही नये.

पण बादली त्याची आहे. माझ्या नावाने ती भिंतीवर लागली तर मी स्वतः येऊन ओतीन.

लोभ आहेच, पण सध्या रागाच्या खाली.

तुझी आई


दि. ११ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र नको म्हणाला होतात. हे पत्र नाही, दुरुस्ती आहे.

आईने लिहिलं. त्यानंतर मी एक्स-रे पुन्हा पाहिला. खरवडलेल्या तिसऱ्या बादलीची कडी आणि वरच्या बादलीची कडी एकाच ठिकाणी, एकाच सवयीने वळते. जोर उजव्या बाजूने आलाय की डाव्या, एवढाच फरक. हे मला पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण तिथे काय सापडावं ते मी आधीच ठरवलं होतं. यंत्राने न सांगितलेली गोष्ट मी एकदाच बोलले, आणि ती चुकीची होती. यात मी चुकले.

अहवालातलं वाक्य मी बदललेलं नाही. 'हा भाग दुसऱ्या हाताचा.' ते खरंच आहे. त्यापुढे एक वाक्य जोडलं: 'दोन्ही हात त्याच चित्रकाराचे.'

क्युरेटरबाईंनी विचारलं की हे आत्ताच सांगणं गरजेचं आहे का. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या की लपलेली बहीण ही गोष्ट आहे, दोन हातांचा पुरुष ही गोष्ट नाही, दोन हात सगळ्यांनाच असतात. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. अकराव्या दालनात आता मातीचे दिवे येणार आहेत. दिव्यांना खाली पाण्याचे ट्रे लागतात, त्यामुळे मला रोज दोनदा ओल मोजावी लागेल.

मी एक विनंती केली, जिना परत तळघरात नेऊ नका. ती मानली गेली. चित्र बॅगा जमा करायच्या खिडकीसमोरच्या बोळात लावलं आहे. मजकूर काही नाही. तुमचं नाव, वर्ष, तैलरंग. उजेड वरून येतो आणि कठड्यासाठी तो वाईट आहे, हे मला मान्य. परवा तिथे सफाईच्या मावशी उभ्या होत्या. बराच वेळ बघून मला म्हणाल्या की पाणी बरोबर आहे, तिसऱ्या मजल्यापर्यंत ते एवढंच गढूळ होतं, आणि हे काढणाऱ्याने कधीतरी जिना पुसलाय. मी त्यांना सांगितलं की मला माहीत नाही.

तुम्ही हे सगळं एका ओळीत सांगू शकला असतात. त्याऐवजी बादली बहिणीच्या गळ्यात मारून मोकळे झालात. जन्मभर ज्याला खरं काम म्हणालात, त्यातलं तुमचं सगळ्यात खरं काम तुम्ही एका दालनाच्या भिंतींसाठी देऊन टाकलंत. वर पंख्याला हसता.

आणि पट्टीचा अहवाल माझा नाही. तो तुम्ही लिहायचा आहे.

कळावे. लोभाचं नंतर बघू.

तुमची भाची


दि. २५ मार्च

चि. टाचणी हिस,
आशीर्वाद.

अक्षर कसं आलंय ते दिसतंच आहे. हात डावा. पासष्टाव्या वर्षी पहिलीत बसलोय. एक ओळ लिहायला चहा गार होतो.

बोळात येऊन गेलो. तू जेवायला जातेस ती वेळ बघूनच आलो. लोक बॅगा देतात, बिल्ला घेतात आणि बादलीपाशी थांबतात. गाढवं. कठड्याकडे एकानेही पाहिलं नाही. मीही नाही पाहिलं.

मावशींना सांग, दोन वर्षं पुसलाय. त्याशिवाय घरमालक जिन्यात उभं राहू देईना.

पट्टी. तू एक खुर्ची काढली होतीस. चौथ्या रविवारी. आठ वर्षांची पोर, पण खुर्चीला वजन होतं. कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी. माझ्या उजव्या हाताला ते कधी आलं नाही. बादलीचे ते दोन दिवस सोडले तर मलाच आलं नाही. माझं डोकं फिरलं. पट्टी हातात होती. मग दर रविवारी होती.

याहून जास्त लिहायला हात दुखतो. क्षमा हा शब्द दोनदा लिहून पाहिला, वाचता येत नव्हता. खोडला.

लोभ ठेवायचा तर ठेव. नसेल तर पत्र तरी ठेव.

मामा


दि. २९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तिरप्या उजेडात धरून पाहिलं, मग भिंगाखाली.

मजकूर डाव्या हाताचा आहे, शंका नाही. रेघा सगळीकडे त्याच बाजूला उतरतात. 'खुर्ची' या शब्दावर पेन दोनदा थांबलं आहे, तिथे शाई पसरली आहे. खोडलेला शब्द मागच्या बाजूने उमटला आहे आणि तो वाचता येतो. मी वाचला. त्याच्यावर आज काही म्हणत नाही.

खुर्चीचा कागद शोधला. एकेचाळिसांत चौथा. खाली तुमचा लाल शेरा आहे, आणि पेन्सिल इतकी दाबली आहे की कागद फाटला आहे. हे मला आजपर्यंत दिसलं नव्हतं.

आता हरकत. तुमच्या पत्राखालची सही उजव्या हाताची आहे. शेवटची दोन अक्षरं, आणि तेवढ्यासाठी तुम्ही हात बदललात. सवय असेल, किंवा भीती. माझ्या यंत्राला त्यातला फरक कळत नाही.

म्हणून तुमचं पत्र सोबत परत पाठवते. लाल पेन्सिल माझ्याकडे नाही, निळी वापरली आहे. शेरा खाली उजव्या कोपऱ्यात आहे.

पुन्हा.

तुमची भाची